बिघाड होणार हे धरूनच बांधलेलं जहाज: चिनी जंक कसं चालतं

१७८७ साली बेंजामिन फ्रँकलिनने टपाल-जहाजांच्या बांधणीबद्दल एक सल्ला दिला होता. ही जहाजं मालाने ठासून भरायची नाहीत, तेव्हा त्यांच्या पोटात चिनी पद्धतीने वेगवेगळे कप्पे करावेत आणि प्रत्येक कप्प्याच्या फटी पक्क्या बुजवाव्यात, असं त्याने लिहिलं. म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तरी जहाज तरंगत राहील. पुढे १७९५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथमने अशा आडव्या भिंतींची जहाजं बांधायला घेतली आणि ही युक्ती चिन्यांची असल्याचं त्यानेही मान्य केलं. त्या वेळी चिनी कारागीर ही युक्ती निदान पाचशे वर्षं रोजच्या कामात वापरत होते.

चित्रांमुळे आपल्याला जंक ओळखता येतं ते शिडांवरून. आडव्या काठ्या घातलेली लालसर तपकिरी शिडं, चौकोनी बोथट नाळ (म्हणजे जहाजाचं पुढचं टोक), मागे उंच चढत गेलेला डेक. दिसायला बोजड. युरोपियन प्रवाशांनी त्याची भरपूर टिंगलही केली. पण या जहाजाचा एकेक भाग उलगडून पाहिला की लक्षात येतं, बांधणाऱ्याने जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारलेला आहे: हे तुटलं तर काय? शीड फाटलं तर, तळ फुटला तर, वाळूच्या दांड्यावर टेकलं तर, खलाशी कमी पडले तर. वेगाचा विचार त्यानंतर.

शिडापासून सुरुवात करू, कारण खरी करामत तिथे आहे.

आपल्या कोकणातल्या गलबताचं शीड हे मोठं कापड असतं आणि ते एका लांब तिरक्या आडकाठीला लटकतं. वारा भरला की त्याला पोट येतं. वाऱ्याच्या दिशेने तिरकं चढत जायला हे शीड उत्तम. पण जहाजाची बाजू बदलायची तर ती भली लांब आडकाठी डोलकाठीला वळसा घालून पलीकडे न्यावी लागते, आणि वारा वाढला तर बहुतेक वेळा मोठं शीड उतरवून लहान चढवावं लागतं. दोन्ही कामं माणसं खातात. युरोपच्या मोठ्या जहाजांवर तर भर वादळात खलाशांनी डोलकाठीवर चढून, आडकाठीवर ओणवं होऊन, ओलं जड कापड हाताने गुंडाळायचं असा प्रकार होता. त्यात माणसं पडायची आणि मरायची.

जंकचं शीड म्हणजे घराच्या खिडकीला लावतात तो बांबूचा चिकाचा पडदा, असं समजा. शिडात ठरावीक अंतरावर आडव्या काठ्या असतात, बहुधा बांबूच्या. त्यामुळे शिडाचे पाच, सहा किंवा अधिक पट्टे पडतात. सगळ्यात वर एक जाड आडकाठी असते, आणि तिला बांधलेल्या एका दोरखंडावर अख्खं शीड लटकलेलं असतं. वारा वाढला की तो दोरखंड थोडा सैल सोडायचा. सगळ्यात खालचा पट्टा आपल्याच वजनाने खाली येतो आणि घडी होऊन बसतो. आणखी वाढला तर आणखी एक पट्टा खाली. शिडाच्या दोन्ही बाजूंनी खालून दोऱ्यांचा झोळा असतो, त्यात हे पट्टे गोळा होतात, इकडेतिकडे फडफडत नाहीत. वर कुणी चढायचं नाही की काही बांधायचं नाही. काळोखात, पावसात, एकटा माणूस डेकवर उभा राहून काही क्षणांत शीड निम्मं करू शकतो. हे काम उलट दिशेने मात्र घाम काढतं. बांबूसकट शीड जड असतं, आणि ते वर चढवायला मोठ्या जहाजांवर रहाट लागायचा. म्हणजे कष्ट आहेत, पण ते वारा शांत असताना, बंदरात उभं राहून करायचे आहेत. अडचणीच्या वेळी करायचं काम सोपं ठेवलं आहे.

आता दोऱ्यांकडे या. प्रत्येक काठीच्या मागच्या टोकाला दोरी असते. या सगळ्या दोऱ्या भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यांतून आणि पुलींमधून फिरत फिरत शेवटी एका दोरीत येऊन मिळतात, आणि ती दोरी खलाशाच्या हातात. वाऱ्याचा जोर अशा रीतीने शिडाच्या पूर्ण उंचीवर वाटला जातो. साध्या शिडात सगळा ताण एका कोपऱ्यावर येतो, म्हणून कापड दणकट लागतं आणि फाटलं की पार चिरत जातं. जंकच्या शिडात ताण काठ्या घेतात. कापडाने फक्त दोन काठ्यांमधली जागा भरायची. त्यामुळे ते कसलंही चालतं. जुन्या काळी बांबूच्या विणलेल्या चटया वापरायचे, नंतर सुती कापड आलं. दक्षिण चीनमध्ये हे कापड एका रानकंदाच्या रसात बुडवून काढत, म्हणजे ते खाऱ्या हवेत कुजत नसे; तो तपकिरी-लाल रंग तिथून आला, शोभेसाठी नव्हे. भोक पडलं तर भोक पुढच्या काठीपाशी थांबतं. जुन्या छायाचित्रांत अशी जंक दिसतात की ज्यांच्या शिडात कापडापेक्षा भोकंच जास्त आहेत, आणि तरी ती मजेत चाललेली आहेत.

शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे असतो आणि बराचसा मागे. पुढच्या भागावरचा वारा मागच्या भागाच्या ओढीला थोडा तोलून धरतो. म्हणून दोरी धरणाऱ्याचा हात हलका राहतो, आणि मागून वारा असताना शीड अचानक एका बाजूकडून दुसरीकडे फिरलं तरी धाडकन आपटत नाही. डोलकाठ्याही वेगळ्याच. युरोपियन जहाजात डोलकाठीला दोन्ही बाजूंनी दोरखंडांचं जाळं बांधून आधार देतात. जंकची डोलकाठी म्हणजे एक जाडजूड खोड, तळाशी आणि डेकपाशी घट्ट बसवलेलं, बस्स. ती वाऱ्यात थोडी वाकते. आधाराचे दोरखंड नसल्याने शीड हवं तितकं बाहेर फिरवता येतं. अनेक जंकमध्ये पुढची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली आणि मागची मागे कललेली असते, त्यामुळे शिडं एकमेकांच्या वाऱ्यात येत नाहीत.

दोषही सांगायला हवा, कारण जंकवर लिहिणारे बरेच जण तो गिळून टाकतात. काठ्यांमुळे शीड सपाट राहतं. वाऱ्याच्या दिशेने तिरकं चढायचं असेल तर शिडाला पंखासारखं हलकं पोट असावं लागतं, आणि सपाट शीड तिथे मागे पडतं. मंद वाऱ्यात तर जास्तच. चिनी व्यापाऱ्यांना याची फारशी फिकीर नव्हती. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून दक्षिणेकडे जायचं, उन्हाळ्यात नैऋत्येचा धरून परत यायचं, हा त्यांचा वर्षाचा हिशोब. वाऱ्याशी भांडायची वेळच फार येत नसे.

पोटातले कप्पे

१९७४ साली फुजियान प्रांतातल्या च्वानचौ शहराजवळ, खाडीच्या चिखलात एक जुनं जहाज सापडलं. तेराव्या शतकातलं, सुंग काळाच्या अखेरचं. उरलेला सांगाडा २४ मीटरपेक्षा थोडा जास्त लांब आणि ९ मीटरपेक्षा थोडा जास्त रुंद. त्याच्या पोटात १२ आडव्या भिंती होत्या, म्हणजे १३ कप्पे. आत सुगंधी लाकूड, मिरी, सुपारी आणि कवड्या मिळाल्या. हे जहाज दक्षिणेकडच्या समुद्रातून माल घेऊन परतलं होतं. मार्को पोलोनेही काही चिनी जहाजांत तेरा कप्पे असल्याचं लिहून ठेवलं होतं. हे जहाज बाहेर आल्यावर तो आकडा खरा निघाला.

या भिंती दोन कामं करतात. एक तर पाणी अडवणं. दुसरं काम कमी बोललं जातं, पण कारागिराच्या दृष्टीने तेच मोठं आहे. युरोपियन किंवा आपल्याकडच्या जहाजात तळाचा कणा आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या वाकड्या लाकडांच्या फासळ्या यांनी आकार उभा राहतो. जंकमध्ये फासळ्यांचं बहुतेक काम या भिंती करतात. वाकडं लाकूड शोधत रानोमाळ हिंडायला नको, सरळ फळ्या जोडून भिंत करा आणि तिच्यावर बाहेरच्या फळ्या ठोका. लोखंडी खिळे, आणि फटींमध्ये तागाचे धागे, चुना आणि तुंग झाडाच्या बियांचं तेल यांचा मळलेला लगदा. हा लगदा सुकला की दगडासारखा होतो. च्वानचौच्या जहाजाला बाहेरून फळ्यांचे दोन, काही ठिकाणी तीन थर होते.

मात्र "पाणी न शिरणारे कप्पे" हे वाक्य जरा जपून वापरायला हवं. च्वानचौच्या जहाजातल्या बहुतेक भिंतींना तळाशी लहान भोकं आहेत. साठलेलं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात वाहत जावं आणि एका जागी उपसता यावं म्हणून ती ठेवलेली. गरज पडली की ती बुजवायची. म्हणजे पोलादी जहाजासारखी कायमची बंद पेटी नव्हती. खलाशी जागा असला तरच ती उपयोगाची. कोळ्यांच्या जंकमध्ये तर उलटंच करत. काही कप्प्यांच्या बाहेरच्या फळीलाच भोकं पाडायची, समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळत ठेवायचं आणि त्यात मासे जिवंत आणायचे. शेजारचे कप्पे कोरडे असल्याने जहाज बुडत नाही.

आणि कप्पे असले म्हणून जहाज अमर होत नाही. १८२२ साली तेक सिंग नावाचं मोठं जंक आज इंडोनेशियात असलेल्या गास्पार सामुद्रधुनीत खडकावर आपटून बुडालं. सुमारे १६०० माणसं गेली. १९९९ मध्ये त्याच्या अवशेषांतून साडेतीन लाखांच्या आसपास चिनी मातीची भांडी वर काढली गेली.

व्यापाराच्या दृष्टीने कप्पे फार सोयीचे होते. १११९ च्या सुमारास लिहिलेल्या एका चिनी ग्रंथात दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजांचं वर्णन आहे. जहाजातली जागा व्यापारी आपसात वाटून घेत. प्रत्येकाला काही फूट मिळत, खाली माल आणि रात्री त्याच मालावर अंथरूण. मालात बहुतेक मातीची भांडी, मोठ्यात लहान अशी बसवलेली, मध्ये जराही जागा न सोडता. त्याच ग्रंथात ढगाळ हवेत दक्षिण दाखवणाऱ्या सुईकडे पाहून जहाज हाकण्याचाही उल्लेख येतो. जहाजावर होकायंत्र वापरल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. च्वानचौच्या जहाजात मालाच्या गठ्ठ्यांना बांधलेल्या लाकडी पट्ट्या मिळाल्या आहेत, कुणाचा माल कोणता ते सांगणाऱ्या. दक्षिण कोरियाजवळ १३२३ साली बुडालेल्या सिनान जहाजातही तशाच पट्ट्या आहेत. ते जहाज चीनहून जपानकडे चाललं होतं, आणि त्याच्या पोटात वीस हजारांहून जास्त भांडी आणि २८ टन तांब्याची नाणी होती.

सुकाणू, आणि उथळ पाण्याची गोष्ट

जहाजाच्या अगदी मागे, मधोमध बसवलेलं सुकाणू चीनमध्ये फार जुनं आहे. क्वांगचौमधल्या एका थडग्यात सापडलेल्या मातीच्या होडीवर ते दिसतं, आणि ती होडी हान काळातली, सुमारे १९०० वर्षांपूर्वीची आहे. युरोपात मागे मधोमध बसवलेलं सुकाणू दिसू लागतं ते बाराव्या शतकाच्या आसपास.

पण जुनेपणापेक्षा त्याची रचना मजेदार आहे. युरोपियन सुकाणू बिजागऱ्यांवर अडकवलेलं असतं, दारासारखं. जंकचं सुकाणू दोरखंडांवर टांगलेलं असतं आणि रहाटाने वर-खाली होतं. खोल समुद्रात ते तळाच्याही खाली सोडायचं. तिथे ते दिशा तर बदलतंच, शिवाय वाऱ्याने जहाज आडवं ढकललं जाऊ नये म्हणून पाण्यात पात्यासारखं रोवून राहतं. ज्या जंकना तळाला खोल कणा नसतो त्यांना याचा मोठा आधार. खाडीत किंवा नदीच्या मुखाशी आलो की सुकाणू वर ओढून घ्यायचं, म्हणजे ते चिखलात मोडत नाही. ते फार मोठं असे. नानजिंगच्या जुन्या जहाजबांधणीच्या जागी १९५७ साली एका सुकाणूचा ११ मीटर लांबीचा दांडा मिळाला. एवढं अवजड पातं फिरवायचं म्हणजे पाच-सहा माणसं लागणार. म्हणून पात्यात शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं पाडत. पाणी भोकांतून निसटतं, पातं हलकं फिरतं आणि दिशा बदलण्याची ताकद फारशी कमी होत नाही.

सगळी जंक सारखी नव्हती हेही सांगून टाकतो. यांगत्से नदीच्या मुखापासून उत्तरेचा समुद्र उथळ आणि वाळूच्या दांड्यांनी भरलेला. तिथली जंक सपाट तळाची. ओहोटीला वाळूवर सरळ बसायची आणि भरतीला उठायची. फुजियान आणि क्वांगतुंगकडचा समुद्र खोल, तिथली जंक खाली निमुळती, कणा असलेली. लांबच्या सफरी या दुसऱ्या प्रकारच्या जहाजांनी केल्या. १७२३ च्या एका सरकारी हुकुमाने प्रांताप्रांताच्या जहाजांना नाळेला वेगळा रंग द्यायला लावला: फुजियानला हिरवा, क्वांगतुंगला लाल. चाचेगिरीवर नजर ठेवायला.

ही जहाजं आपल्या किनाऱ्यापर्यंत येत होती. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता खंबायतच्या आखातातून पश्चिम किनाऱ्याने खाली उतरत कालिकतला पोचला, तेव्हा तिथे तेरा चिनी जहाजं उभी होती. बांबूच्या चटयांची शिडं, वर खोल्या, लाकडी पेट्यांत लावलेल्या भाज्या आणि आलं, हे सगळं त्याने नोंदवलंय. एका जहाजावर हजार माणसं असतात असंही तो म्हणतो. त्या आकड्यावर मी सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. कालिकतला आडोशाचं बंदर नसल्याने जहाजं बाहेर समुद्रात नांगरलेली होती. वादळ आलं आणि दिल्लीच्या सुलतानाच्या भेटवस्तू घेऊन निघालेलं मोठं जंक किनाऱ्यावर फुटलं. इब्न बतूता जुम्म्याच्या नमाजासाठी मागे राहिला होता म्हणून वाचला.

त्यानंतर १४०५ ते १४३३ या काळात मिंग दरबाराचा आरमारप्रमुख झेंग ह याच्या सात मोहिमा झाल्या. कालिकत हा त्यांचा ठरलेला मुक्काम. त्याची सर्वांत मोठी जहाजं सव्वाशे मीटरपेक्षाही लांब होती असं मिंग काळाच्या इतिहासावरून सांगितलं जातं. निव्वळ लाकडाचं एवढं जहाज लाटांवर पिळवटून फुटलं असतं, असं म्हणणारे जहाजतज्ज्ञ पुष्कळ आहेत, आणि मला त्यांचं पटतं. नानजिंगच्या त्या ११ मीटरच्या दांड्यावरून जहाज मोठं होतं एवढं नक्की कळतं, किती मोठं ते नाही.

जंक मागे कसं पडलं याचं उत्तर एका दिवसात देता येणार नाही, पण एक दिवस मात्र दाखवता येतो. ७ जानेवारी १८४१, ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या पहिल्या अफूच्या युद्धातली, मोती नदीच्या मुखाशी झालेली चुएनपीची लढाई. ईस्ट इंडिया कंपनीची नेमेसिस ही लोखंडी आगबोट चिनी लढाऊ जंकांवर चालून गेली. एका रॉकेटने एक जंक दारूगोळ्यासकट उडालं, बाकीची पांगली. आता नेमेसिसची बांधणी पाहा: तिच्या पोटात पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती होत्या. पुढच्या वर्षी ज्या जहाजावर हे युद्ध संपवणारा नानजिंगचा तह झाला ते कॉर्नवॉलिस मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं होतं.

तरी जंक लगेच संपलं नाही. डिसेंबर १८४६ मध्ये कीयिंग नावाचं जंक हाँगकाँगहून निघालं, केप ऑफ गुड होपला वळसा घालून जुलै १८४७ मध्ये न्यूयॉर्कला आणि १८४८ मध्ये लंडनला पोचलं. एवढ्या लांब नेणार हे चिनी खलाशांना सांगितलंच नव्हतं. त्यातले बरेच न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले, जिंकले आणि घरी परतले. बँकॉकमध्ये राजा तिसरा राम याने जंकच्या आकाराचा एक स्तूप बांधून घेतला, कारण आगबोटी येत होत्या आणि जंक कसं असतं हे पुढच्यांना कळायला हवं होतं. वाट यान्नावा या मंदिरात तो आजही आहे. मासेमारीची जंक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिडांवरच चालायची. मग इंजिनं आली.

शिडाला मात्र दुसरं आयुष्य मिळालं, तेही भलत्याच ठिकाणी. १९६० साली ब्लाँडी हॅसलर या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्याने एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत भरवली. त्याची स्वतःची जेस्टर ही होडी जेमतेम २५ फुटांची, आणि तिला एकच चिनी पद्धतीचं शीड. सगळ्या दोऱ्या त्याने आत वळवून घेतल्या होत्या, त्यामुळे शीड लहान-मोठं करायला डेकवर जायची गरज नव्हती. तो ४८ दिवसांत पोचला, दुसरा आला. त्यानंतर एकट्याने किंवा दोघांनीच सफरी करणाऱ्या कितीतरी जणांनी हे शीड लावलं. सपाटपणाचा दोषही त्यांनी काढला: काठ्यांच्या मधल्या प्रत्येक पट्ट्याला शिवतानाच थोडं पोट ठेवायचं.

फुजियानमध्ये कप्प्यांची लाकडी जहाजं बांधणारे कारागीर आता थोडे उरलेत. युनेस्कोने २०१० साली हे कसब तातडीने जपायला हव्या अशा वारशाच्या यादीत घातलं. हाँगकाँगला गेलात तर पर्यटकांना फिरवणारी लाल शिडांची जंक दिसतील. बहुतेक वेळा खाली डिझेल इंजिन चालू असतं आणि शीड फोटोसाठी. खरं-खोटं ओळखायचं तर शिडाच्या मागच्या कडेकडे बघा. काठ्यांच्या टोकांपासून निघणाऱ्या दोऱ्या ताठ असतील तर वारा काम करतोय. लोंबत असतील किंवा दोऱ्याच नसतील, तर तिकिटाचे पैसे इंजिनाला गेले.